शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ : वाळलेल्या चुन्याचे ६२ तास

पुढच्या वेळा कुठल्या एका रुग्णालयाच्या नोंदवहीतून घेतलेल्या नाहीत. नांदेडचं ते खासगी रुग्णालय, चुडाव्याहून आलेली ती बाई, तो शुक्रवार, सगळं कल्पनेतलं आहे. रसायनशास्त्र मात्र खरं आहे, आणि सोमवारही खरा आहे. १९९० च्या सुमारास अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड मून आणि त्यांच्या सहकाऱ्यांना भुलेखाली असलेल्या रुग्णांच्या रक्तात कार्बन मोनॉक्साईड सापडला. खोलीत शेगडी नाही, इंजीन नाही, धूर नाही. रुग्ण मशीनमधून ऑक्सिजन घेत असताना हा वायू आला कुठून? अशा घटना गोळा होत गेल्या तसं एक साम्य पुढे आलं. यातले रुग्ण वारंवार सोमवारी सकाळी पहिल्या नंबरला टेबलावर घेतलेले असत. म्हणून घड्याळ शुक्रवारपासून लावायला हवं. शून्याची वेळ आहे सोमवार, सकाळी ८:३०.

शुक्रवार, सायंकाळी ६:१० : उरले ६२ तास २० मिनिटे

आठवड्याची शेवटची शस्त्रक्रिया संपली. हर्नियाचा पेशंट होता, जागा झाला, बाहेर गेला. त्याला उठवताना भूलतज्ज्ञांनी ऑक्सिजन वाढवून मिनिटाला १० लिटर केला होता. भुलेचा वायू फुप्फुसांतून लवकर धुऊन काढायचा तर असंच करतात. पेशंटबरोबर डॉक्टरही रिकव्हरीत गेले. फ्लोमीटरमधला गोटा १० च्या रेघेवर तरंगत राहिला.

मशीनचा मुख्य स्विच टेक्निशियनने मुद्दामच चालू ठेवला. रात्री-अपरात्री सिझेरियन आलं तर धावपळ नको, हा त्याचा हिशेब, आणि त्यात चूक काढता येत नाही. ऑपरेशन थिएटरमधल्या, म्हणजे ओटीतल्या मावशींनी सर्किटची काळी रबरी बॅग काढून धुवायला नेली. तीही रोजचीच रीत. एसीच्या घरघरीत ऑक्सिजनची फुसफुस ऐकू आली नाही. दिवे बंद झाले, दाराला कडी लागली.

यातल्या कुणी हलगर्जीपणा केला असं म्हणणं मला जड जातं. तीन माणसांनी तीन साधी कामं केली, त्यातली दोन तर कौतुकाची होती.

शुक्रवार, रात्री ८:३० : उरले ६० तास

आता त्या मशीनच्या पोटात काय आहे ते बघू. पेशंटचा उच्छ्वास वाया जाऊ न देता पुन्हा त्यालाच द्यायचा, म्हणजे महागडा भुलेचा वायू वाचतो, हवेत कमी जातो, श्वास कोमट आणि ओलसर राहतो. अडचण एकच, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साईड. तो काढायला सर्किटमध्ये एक पारदर्शक डबा बसवलेला असतो आणि त्यात पांढरे दाणे. हा सोडा लाइम. त्याचा साधारण चार-पंचमांश भाग म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साईड, म्हणजे तंबाखूच्या डबीत दुसऱ्या टोकाला असतो तोच विरलेला चुना. त्यात थोडा कॉस्टिक सोडा, जुन्या प्रकारांत थोडा कॉस्टिक पोटॅश, आणि उरलेलं पाणी, वजनाच्या सुमारे १५ टक्के. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांसाठी असे दाणे सुधारले गेले. पुढे १९२० च्या दशकात राल्फ वॉटर्स या अमेरिकन भूलतज्ज्ञाने ते रोजच्या भुलेत आणले, आणि १९३० साली ब्रायन स्वोर्डने आजच्यासारखं गोल फिरणारं सर्किट मांडलं.

पाण्याचं ते १५ टक्के सजावटीसाठी नसतं. कार्बन डायऑक्साईड आधी पाण्यात विरघळतो, त्याचं आम्ल होतं, मग कॉस्टिक सोडा ते आम्ल पकडतो आणि शेवटी चुना त्याचा खडू करतो. या सगळ्यात उष्णता निघते, पाणीही निघतं. पेशंट लावलेला असताना डबा ऊबदार आणि ओला राहतो, कारण श्वासच त्याला ओलावा देत असतो. पेशंट नसेल तर देणारं कुणी नाही, घेणारं मात्र आहे.

ती बॅग जागेवर असती तर ताजा ऑक्सिजन बहुतांशी नेहमीच्या वाटेने, श्वास आत नेणाऱ्या नळीतून बाहेर पडला असता. पण त्या वाटेवर एक झडप आहे आणि झडप उचलायला थोडा जोर लागतो. बॅग काढल्यावर मागच्या बाजूला २२ मिलिमीटरचं भोक सताड उघडं पडतं. वायू सोपी वाट धरतो: उलटा फिरतो, डब्यातल्या दाण्यांमधून जातो आणि बॅगेच्या उघड्या तोंडातून निघून जातो. स्वच्छतेसाठी काढलेल्या बॅगेने वाऱ्याची दिशा बदलली.

इथे आपल्याकडचा एक भेद सांगायलाच हवा. लहान गावातल्या दवाखान्यात मशीनला दीड हजार लिटरचा सिलिंडर लावलेला असेल तर १० लिटरच्या वेगाने तो अडीच तासांत रिकामा होतो. शुक्रवारी रात्री नऊच्या आत सगळं थांबलं असतं आणि शनिवारी सकाळी सिलिंडर कुणी संपवला यावरून आरडाओरड झाली असती. ती आरडाओरड म्हणजे सुरक्षाव्यवस्थाच. भिंतीतल्या नळीतून ऑक्सिजन येऊ लागला, कोविडनंतर टाक्या आणि प्लांट उभे राहिले, ते उत्तमच झालं. पण आता उधळपट्टी आवाज करत नाही. शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत या एका नळीतून साडेछत्तीस हजार लिटर ऑक्सिजन जाणार आहे, म्हणजे पाच जम्बो सिलिंडरांहून जास्त. रुग्णालयाच्या ऑक्सिजन पुरवठ्यावर बसलेल्या माणसाला ते कदाचित आयसीयूचं मागणं वाटेल.

शनिवार, सकाळी ११:०० : उरले ४५ तास ३० मिनिटे

हिशेब मांडून बघा. डब्यात दीड किलो सोडा लाइम धरला तर त्यात पाणी सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. वैद्यकीय ऑक्सिजन जवळजवळ ठणठणीत कोरडा असतो. खोलीच्या तापमानाला असा एक लिटर वायू पोट भरून ओलावा घेतो म्हटलं तर २०-२२ मिलिग्रॅम पाणी उचलतो. मिनिटाला १० लिटर, म्हणजे तासाला १३ ग्रॅमच्या आसपास. सव्वादोनशे ग्रॅम संपायला कागदावर १७ तास लागतात. शुक्रवारी ६:१० पासून आत्ता १७ तास होत आले.

प्रत्यक्षात इतकं झटपट होत नाही. सगळा वायू दाण्यांतून जात नाही, आणि दाणे कोरडे पडत जातात तसा उरलेला ओलावा सोडायला ते कुरकुर करतात. म्हणून पाठ्यपुस्तकं सांगतात की मिनिटाला ५ लिटर किंवा त्याहून जास्त प्रवाह दिवसभर किंवा त्याहून अधिक काळ चालू राहिला, त्यातही बॅग काढलेली असली, तर डबा धोक्याइतका वाळतो. आपल्याकडे त्याच्या दुप्पट प्रवाह आहे आणि रविवार अजून सबंध शिल्लक आहे.

धोक्याची रेघ नेमकी कुठे, तेही मोजलेलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या एडमंड एगर यांच्या प्रयोगशाळेतलं काम १९९५ साली प्रसिद्ध झालं. सोडा लाइममध्ये पाच टक्क्यांच्या आसपास पाणी शिल्लक असेल तर कार्बन मोनॉक्साईड तयार होत नाही. बेरियम असलेला ‘बॅरालाइम’ नावाचा दुसरा प्रकार अमेरिकेत फार चाले, त्याला जवळपास दहा टक्के पाणी लागे. त्याखाली गेलं की दाण्यांचा स्वभाव पालटतो. ओल्या दाण्यांतला कॉस्टिक सोडा पाण्यात आणि कार्बन डायऑक्साईडमध्ये गुंतलेला असतो. कोरडा पडल्यावर तो मोकळा होतो आणि समोर येईल त्या रेणूचा हायड्रोजन खेचू बघतो.

रंग? रंग पांढराच. आणि सगळी फसगत इथे आहे. दाण्यांत इथाइल व्हायोलेट नावाचं रंगद्रव्य असतं. चुना वापरून संपला, आम्लता बदलली की ते जांभळं होतं. ओटीतला प्रत्येक जण त्या जांभळेपणावर नजर ठेवायला शिकलेला असतो. पण हे रंगद्रव्य चुना संपल्याचं सांगतं, वाळल्याचं नाही. वाळलेला डबा नव्यासारखा शुभ्र दिसतो.

शनिवार, रात्री ११:४० : उरले ३२ तास ५० मिनिटे

सिझेरियन आलं. मणक्यात भूल दिली, दुसऱ्या टेबलावर, बाळ रडलं, सगळे खूश. या मशीनला कुणी हात लावला नाही.

रविवार, दुपारी ४:३० : उरले १६ तास

चुडावा स्टेशन पूर्णा-नांदेड मार्गावर आहे. पूर्णा तालुक्यातल्या गावांना मोठं दुखणं म्हणजे नांदेड. पित्ताशयात खडे झालेली पन्नाशीपुढची एक बाई मुलाबरोबर गाडीची वाट बघत बसली आहे. वजन जास्त, थोडी शुगर. शेजारीण पोचवायला आलीय. ‘‘काय नाही होत गं. झोपवतेत, अन् घंट्याभरात उठवतेत. माझ्या जावंचं झालं की मागल्या साली.’’

शेजारणीचं खरंच आहे. दुर्बिणीने पित्ताशय काढणं ही आज नित्याची गोष्ट आहे. आणि तसं बघितलं तर ही बाई तालुक्याच्या एखाद्या साध्या दवाखान्यात गेली असती, जिथे बेन सर्किट लावून भरपूर प्रवाहावर भूल देतात, तर आपली गोष्टच संपली असती. बेन सर्किटमध्ये चुन्याचा डबाच नसतो, उच्छ्वास सरळ बाहेर जातो. हा अपघात काटकसरी आणि आधुनिक व्यवस्थेचा आहे. म्हणून मी बेन सर्किटचं गुणगान करणार नाही. वायू महाग आहेत आणि ओटीत काम करणाऱ्यांनाही श्वास घ्यायचा असतो.

रविवार, रात्री : उरले ११-१२ तास

रुग्णालयात काही घडत नाही, तेवढ्यात एक जुनी हकिकत. चुन्याने भुलेचा वायू बिघडवल्याचं जगाला पहिल्यांदा कळलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे जुने डॉक्टर ज्याला ‘ट्रायलीन’ म्हणत, ते इंग्लंडमध्ये स्वस्त आणि न पेटणारं म्हणून लोकप्रिय झालं. १९४४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विचित्र रुग्णांची नोंद आली. शस्त्रक्रिया नीट झालेल्या माणसांचा चेहरा बधिर पडत होता, मेंदूतून निघणाऱ्या नसा निकामी होत होत्या, ओठांभोवती नागिणीसारखे फोड येत होते. शोध घेता घेता बोट सोडा लाइमवर गेलं. गरम चुन्यावरून जाताना ट्रायलीन फुटतं आणि डायक्लोरोअॅसिटिलीन नावाचं मज्जातंतूंचं विष तयार होतं. तेव्हापासून दंडक पडला: ट्रायलीन द्या, पण चुन्याच्या सर्किटमधून कधीच नको.

म्हणजे १९४४ पासून माहीत होतं की हा डबा नुसती गाळणी नाही, ती एक तापलेली रासायनिक भट्टी आहे. तरी नवे वायू आले तेव्हा सगळ्यांनी ओल्या, ताज्या चुन्यावर चाचण्या केल्या आणि निर्धास्त झाले. वाळलेल्या चुन्याचा विचार सुचायला आणखी जवळपास पन्नास वर्षं गेली.

सोमवार, सकाळी ७:१० : उरला १ तास २० मिनिटे

टेक्निशियन आला. गोटा १० वर तरंगताना दिसला. ‘‘आयला, कुणी चालू ठेवला हा?’’ त्याने नॉब पिळून बंद केला.

माझ्या मते सगळ्या घटनाक्रमातली महत्त्वाची वेळ ही आहे, साडेआठ नव्हे. या माणसाला आत्ता ती बातमी मिळाली आहे जी पुढे कुणालाही मिळणार नाही: प्रवाह चालू होता, किती वेळ ते ठाऊक नाही. एवढ्यावर एकच कृती पुरेशी होती, डब्यातले दाणे फेकून नवे भरणं. पाच मिनिटांचं काम. पण त्याला शिकवलेलं काय? जांभळे झाले की बदला. दाणे पांढरेशुभ्र आहेत. चांगले दाणे फेकले तर स्टोअरवाला विचारणार. आणि ऑक्सिजन वाया गेला हे डॉक्टरांना सांगितलं तर बोलणी कुणाला बसणार?

धुतलेली बॅग बसवली. गळती तपासली, गळती नाही. झडपा ठीक, सक्शन ठीक, व्हेंटिलेटर ठीक. तपासणी यादीतल्या सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा झाल्या. दाण्यांत पाणी किती आहे हे विचारणारा रकाना यादीत नाही, कारण ते मोजायचं यंत्र कुठल्याच ओटीत नसतं. गॅस उघडा राहिला होता, हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

सोमवार, सकाळी ८:१२ : उरली १८ मिनिटे

बाईला टेबलावर घेतलं. ‘‘मावशी, नाव सांगा. सकाळपासून काही खाल्लं नाही ना?’’ बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा, दंडाला पट्टा, छातीवर तीन चकत्या.

बाईचं चुडावा ज्यात येतं तो परभणी जिल्हा एकेकाळी निजामाच्या राज्यात होता, त्या काळी याच राज्याच्या राजधानीत भुलेवरचा त्या जमान्यातला मोठा वाद लढला गेला. १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत दोन क्लोरोफॉर्म कमिशनं बसली. खर्च निजामाचा, पुढाकार रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचा. शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून त्यांनी निष्कर्ष काढला की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर, तेव्हा श्वासावर नजर ठेवली की काम झालं. निष्कर्ष अर्धाच निघाला. १९११ च्या सुमारास गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवलं की हलक्या क्लोरोफॉर्म भुलेत हृदय अचानक फडफडून थांबू शकतं. मला या वादातलं कोण बरोबर यापेक्षा त्यातला हट्ट लक्षात राहतो. एक खूण शोधा, तिच्यावर डोळा ठेवा, मग भीती नाही. आपल्या काळाची ती खूण म्हणजे ऑक्सिमीटरवरचा आकडा. आत्ता तो ९८ दाखवतोय.

सोमवार, सकाळी ८:३०

शिरेतून प्रोपोफॉल गेलं, बाई झोपली, श्वासनलिकेत नळी बसली. वजनदार पेशंट, लवकर शुद्धीवर यावी म्हणून डॉक्टरांनी डेसफ्लुरेन निवडलं. निवड विचारपूर्वक होती. भुलेचा वायू सोडणाऱ्या वेपरायझरचा डायल सहावर नेला.

डेसफ्लुरेन, एन्फ्लुरेन आणि आयसोफ्लुरेन या तिघांच्या रेणूत एका टोकाला एक कार्बन, त्याला दोन फ्लोरीन आणि एक हायड्रोजन असतो. कोरडा, मोकळा क्षार नेमका तो हायड्रोजन खेचतो, रेणू कोसळतो, आणि तुकड्यांत एक तुकडा असतो कार्बन मोनॉक्साईड. डेसफ्लुरेन यात पहिल्या नंबरवर, एन्फ्लुरेन जवळपास बरोबरीने, आयसोफ्लुरेन त्यांच्यामागे. हॅलोथेन आणि सेव्होफ्लुरेनमधून हा वायू फारच कमी निघतो. डबा जितका कोरडा, जितका गरम, वायू जितका दाट, तितकं उत्पादन जास्त.

थोड्या वेळाने डॉक्टरांनी ताजा प्रवाह एक लिटरवर आणला. तेही शिकवल्याप्रमाणेच. पण गोल सर्किटमध्ये कमी प्रवाह म्हणजे तयार झालेला वायू बाहेर पडायला वाट कमी. तो फिरत राहतो, फुप्फुसांत जातो, हिमोग्लोबिनला चिकटतो. ऑक्सिजनपेक्षा त्याची पकड दोनशेपटीहून जास्त.

सोमवार, सकाळी ८:४५

पडद्यावर ऑक्सिजन संपृक्तता ९९.

पल्स ऑक्सिमीटर प्रकाशाच्या दोनच लहरी वापरतो, ६६० आणि ९४० नॅनोमीटर. कार्बन मोनॉक्साईड चिकटलेलं हिमोग्लोबिन तांबड्या प्रकाशात ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनसारखंच दिसतं, म्हणून यंत्र त्याला ऑक्सिजनच समजतं. रक्ताचा एक तृतीयांश भाग निरुपयोगी झाला तरी आकडा नव्वदीच्या वरच्या टोकाला बसून राहतो. शुद्धीवर असलेला माणूस अशा वेळी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं म्हणून तक्रार करतो. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांतला एखादा त्या डोकेदुखीनेच जागा होतो आणि वाचतो. ही बाई तक्रार करू शकत नाही, कारण तक्रार करू नये यासाठीच तिला भूल दिली आहे.

या अवस्थेत किती विष चढतं? १९९९ साली बेरी, सेसलर आणि लार्सन यांनी ‘अॅनेस्थेशिऑलॉजी’ या नियतकालिकात डेसफ्लुरेनखालच्या एका रुग्णाची नोंद केली, ३६ टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साईडने अडवलेलं. डुकरांवरच्या प्रयोगांत, वाळलेल्या चुन्यावर, निम्म्याहून अधिक.

एक खूण मात्र एका माणसाला सापडली होती, तीही आडवाटेने. मिलवॉकीच्या हार्वी वोलेक यांच्या लक्षात आलं की वस्तुमान मोजून वायू ओळखणारी त्या काळची मॉनिटरं कधीकधी पेशंटला न दिलेलं एन्फ्लुरेन दाखवतात. यंत्र बिघडलं म्हणून कुणीही सोडून दिलं असतं. प्रत्यक्षात रेणू फुटताना कार्बन मोनॉक्साईडबरोबर ट्रायफ्लोरोमिथेन निघत होतं आणि यंत्र त्यालाच एन्फ्लुरेन समजत होतं. यंत्राच्या चुकीतून विषाचा सुगावा लागला. आजची बहुतेक मॉनिटरं इन्फ्रारेडवर चालतात, ती अशी चूक करत नाहीत. सुधारणेत हेही गेलं.

याच वेळी, दुसरा वायू असता तर

डेसफ्लुरेनऐवजी सेव्होफ्लुरेन असतं तर गोष्ट वेगळ्या दिशेला गेली असती. ओल्या, ताज्या चुन्यावरही सेव्होफ्लुरेनपासून ‘कंपाउंड ए’ नावाचा पदार्थ होतो. उंदरांची मूत्रपिंडं त्याने बिघडतात, म्हणून अमेरिकेत कमी प्रवाहावर सेव्होफ्लुरेन किती वेळ द्यावं यावर मर्यादा घातली गेली. माणसांत मात्र तशी इजा दिसलेली नाही. या ‘कंपाउंड ए’वर जेवढी शाई खर्च झाली तिच्या निम्मी जरी वाळलेल्या डब्यावर झाली असती तर बरं झालं असतं असं मला वाटतं.

वाळलेल्या डब्यात सेव्होफ्लुरेन मिथेनॉल आणि फॉर्मल्डिहाइड बनवतं, आणि प्रचंड उष्णता. रोजच्या वापरात डबा ४०-५० अंशांपर्यंत तापतो. वाळलेल्या बॅरालाइममध्ये पारा २०० अंशांच्या वर गेला. प्लास्टिक वितळलं, काही ठिकाणी सर्किटने पेट घेतला, तेही ऑक्सिजनने भरलेलं सर्किट. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये सेव्होफ्लुरेनची उत्पादक असलेल्या अॅबट कंपनीने अमेरिकेतल्या डॉक्टरांना इशाऱ्याचं पत्र पाठवलं. त्यातली एक खूण कामाची आहे: डायल वर आणि पेशंटपर्यंत पोचणारा वायू मात्र वाढतच नाही, तर डब्याला हात लावून बघा. वायू वाटेतच जळतो आहे. २००४ साली अशा घटनांचे तपशील नियतकालिकांत आले आणि त्याच वर्षी बॅरालाइम बाजारातून मागे घेतला गेला. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या भूलसुरक्षा संस्थेने याच डब्यावर खास परिषद भरवली.

म्हणजे आग लागली तेव्हा दोन वर्षांच्या आत माल बाजारातून गेला. कार्बन मोनॉक्साईडच्या नोंदी त्याआधी दहा-बारा वर्षं छापून येत होत्या.

सोमवार, सकाळी ९:५०

शस्त्रक्रिया छान झाली. पित्ताशय बाहेर, टाके चार. वायू बंद केला, प्रवाह पुन्हा १० लिटरवर. बाई डोळे उघडेना. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. नाडी थोडी जलद. डोळे उघडले, पण हाक मारली की भलतीकडे बघते. शुगर तपासली, ठीक. ‘‘वजन आहे, वय आहे, वेळ लागतो.’’ हे स्पष्टीकरण दहातल्या नऊ वेळा खरंही असतं.

सोमवार, सकाळी ११:३०

धमनीतलं रक्त तपासायला पाठवलं. अहवाल आला: ऑक्सिजनचा दाब उत्तम, संपृक्तता ९९ टक्के. इथे तिसऱ्यांदा फसगत. लहान तपासणी यंत्रं संपृक्तता मोजत नाहीत, ऑक्सिजनच्या दाबावरून काढून देतात. प्रत्यक्ष मोजायला को-ऑक्सिमीटर असलेलं यंत्र लागतं आणि कुणाला तरी ते मागावंसं वाटावं लागतं.

दरम्यान एक बरी गोष्ट आपोआप घडते आहे. तोंडावर मास्क, पूर्ण ऑक्सिजन. साध्या हवेत कार्बन मोनॉक्साईड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, पूर्ण ऑक्सिजनवर तास-दीड तास. दुपारपर्यंत बाई मुलाला ओळखेल. संध्याकाळी को-ऑक्सिमेट्री केली तरी फार काही हाती लागणार नाही. स्मरणाचा आणि स्वभावाचा त्रास होणार असेल तर तो काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी सुरू होतो, या विषाची ती जुनी खोड आहे. तोवर बाई चुडाव्यात असेल, आणि आई हल्ली विसरायला लागली हे मुलगा भुलेच्या डॉक्टरांना येऊन सांगणार नाही.

सोमवार, दुपारी २:००

दुसऱ्या शस्त्रक्रियेपर्यंत डबा आपोआप सुधारला होता. पहिल्या पेशंटच्या श्वासाने दाण्यांना पाणी दिलं, उत्पादन मंदावलं. तिसऱ्या नंबरच्या पेशंटला काही होणार नाही. संध्याकाळी दाणे जांभळे झाले की टेक्निशियन ते कचऱ्यात ओतेल आणि नवे भरेल. कंपनीचा इंजिनियर उद्या आला तरी त्याला वेपरायझर निर्दोष, प्रवाह अचूक, सर्किट ठाकठीक सापडेल. वजन करून, तापवून, पुन्हा वजन करून पाणी किती होतं ते सांगता आलं असतं, पण आता त्या दाण्यांत दिवसभराच्या श्वासाचं पाणी आहे. आपल्याकडे अशा घटनांची छापील नोंद सापडणं इतकं अवघड का, त्याचं निम्मं उत्तर या कचऱ्याच्या डब्यात आहे.

उरलेलं उत्तर खरेदीत आहे. १९९९ पासून कॉस्टिक सोडा आणि कॉस्टिक पोटॅश दोन्ही वगळलेला चुना मिळतो. उत्तर आयर्लंडमधला ‘अॅमसॉर्ब’ हा त्यातला पहिला. त्याने वाळल्यावरही कार्बन मोनॉक्साईड होत नाही, ‘कंपाउंड ए’ही होत नाही, आणि वाळला की त्याचा रंगही बदलतो. सोडा लाइमच्या कंपन्यांनीही पोटॅश काढून टाकला, सोडा कमी केला. तोटा असा की हा चुना किलोमागे कार्बन डायऑक्साईड कमी शोषतो आणि किंमत जास्त. निविदेत दर किलोवर लागतो. दाण्यांत क्षार कुठला आणि किती, याचा रकाना निविदेत घालणं हे काम भूलतज्ज्ञाचं आहे, आणि नव्या डब्यावर भरल्याची तारीख मार्करने लिहिणं टेक्निशियनचं. गॅस रात्रभर उघडा सापडला तर दाणे रंग न बघता फेकायचे, आणि त्याबद्दल स्टोअरवाल्याने काही विचारायचं नाही, एवढा लेखी आदेश रुग्णालयाच्या प्रमुखाने काढायला हवा.